विझत्या पेशींना नवा विस्तव

परतवाडा म्हणजे मेळघाटचे प्रवेशद्वार. चिखलदऱ्याचा घाट, धारणीचा वळणावळणांचा रस्ता, बैतूलकडे जाणारी मालवाहतूक आणि मुक्तागिरीच्या यात्रेकरूंची वाहने या गावातूनच पुढे सरकतात. अशा मार्गावर दुचाकी घसरून कुणाच्या डोक्याला गंभीर मार बसला, तर त्याला बहुधा सुमारे ५० किलोमीटरवरील अमरावती गाठावी लागते. त्या प्रवासात बाहेरून शांत भासणाऱ्या कवटीच्या आत मात्र एक दुसरे संकट वाढत असते.

मेंदूची इजा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा आघाताचा. तो क्षणात संपतो. दुसरा टप्पा पुढे कित्येक तास, कधी कित्येक दिवस चालतो आणि आघातातून वाचलेल्या पेशींनाही गिळू लागतो. याचे एक मोठे कारण तंतुकणिका, अर्थात मायटोकॉन्ड्रिया. शालेय पुस्तकांत त्यांना पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हटले जाते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. परंतु विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वाटा त्याचाच. आघातानंतर चेतापेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. तो शोषताना तंतुकणिका फुगतात, त्यांची आवरणे फाटतात आणि ऊर्जानिर्मिती थांबते. त्यांतून बाहेर पडणारी काही द्रव्ये तर पेशीला आत्मनाशाचाच संदेश देतात.

पूर्वी घरची चूल विझली की शेजारच्या घरातून विस्तव मागून आणीत. तंतुकणिका-प्रत्यारोपणाची कल्पना काहीशी अशीच आहे. रुग्णाच्याच निरोगी स्नायूचा लहानसा तुकडा काढायचा, त्यातून जिवंत तंतुकणिका वेगळ्या करायच्या आणि त्या तत्काळ इजा झालेल्या अवयवापर्यंत पोहोचवायच्या. त्या रुग्णाच्या स्वतःच्याच असल्याने शरीराने त्या नाकारण्याचा धोका कमी राहतो.

निसर्गालाही ही देवघेव परकी नाही. दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली एका पेशीतून दुसरीत तंतुकणिका नेण्यात मिरो-१ या प्रथिनाची भूमिका दाखवली. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांना उंदरांत असे आढळले, की पक्षाघातानंतर मेंदूतील तारकापेशी आपल्या तंतुकणिका शेजारच्या चेतापेशींना देतात.

मानवी उपचारांत पहिले पाऊल हृदयासाठी पडले. बोस्टनच्या बालरुग्णालयात जेम्स मॅककली, सीताराम एमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय अत्यंत दुबळे झालेल्या ५ बालकांना त्यांच्याच पोटाच्या स्नायूतील तंतुकणिका दिल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार त्यांपैकी ४ बालकांना कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारातून मुक्त करता आले. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठातील चमूने पक्षाघाताच्या ४ रुग्णांच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत अशाच तंतुकणिका सोडल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीचा हेतू प्रामुख्याने सुरक्षितता पाहण्याचा होता.

डोक्याच्या इजेसाठी हा उपचार मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांच्या पातळीवर आहे. तेथील निष्कर्ष आशादायक असले, तरी अडथळे मोठे आहेत. वेगळ्या केलेल्या तंतुकणिका फार काळ तग धरीत नाहीत. रक्तातील कॅल्शियम त्यांना मारक ठरू शकते. आणि मेंदूभोवतीचा रक्तरोधक पडदा ओलांडून योग्य पेशीपर्यंत, योग्य वेळी, योग्य मात्रेत त्या पोहोचवणे सोपे नाही. म्हणूनच बेशुद्ध आप्ताच्या उशाशी बसलेल्या कुटुंबाला कुणी आजच अशा उपचाराची हमी देऊन पैसे मागू लागला, तर सावध राहणे हेच शहाणपण.

आज हाती असलेला उपाय साधा आहे. दुसऱ्या टप्प्यातील हानी रोखायची तर रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि प्राणवायू यांची काळजी लवकरात लवकर घेतली गेली पाहिजे. त्यासाठी १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे, जखमीची मान हलू देऊ नये आणि बेशुद्धाला पाणी पाजू नये. पोलिसांच्या भीतीने बघ्यांनी मागे सरू नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात समाविष्ट झालेले कलम १३४-अ मदत करणाऱ्यास संरक्षण देते. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

प्रयोगशाळेतला विस्तव परतवाड्यापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील, हे विज्ञान ठरवील. तोवर घाटात निघण्यापूर्वी शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. कारण तिथे मूळ चूलच विझण्यापासून वाचते.