मणक्यातला ‘गॅप’ आणि कंबरेचं दुखणं

‘मणक्यात गॅप आलाय.’ कंबर दुखणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. हातात एमआरआयचं मोठं पाकीट, आणि रिपोर्टमधल्या ‘डिस्क बल्ज’ या शब्दांखाली कुणीतरी पेनाने ओढलेली रेघ. त्या रेघेनंतर माणूस वाकायचं सोडतो, नातवंडाला उचलायला घाबरतो.

मुळात ज्याला आपण गॅप म्हणतो, तिथे अंतर वाढलेलं नसतं, कमी झालेलं असतं. दोन मणक्यांमधली गादी वरच्या-खालच्या हाडांना घट्ट जोडलेली असते. ती जागेवरून निसटत नाही. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, कडेने थोडी फुगते. केस पिकतात तसंच हे. १९९४ साली अमेरिकेत कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली दिसली. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगवटा होता. म्हणजे फिल्मवर दिसतं तेच दुखतंय, असं गृहीत धरता येत नाही.

म्हणूनच सुरुवातीला एमआरआयपेक्षा हाताने केलेली तपासणी मोलाची. डॉक्टर उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय हळूहळू वर उचलतात. कळ मांडीमागून गुडघ्याखाली उतरली, तर नस दुखावल्याचा संशय घेतात. मग टाचांवर चालायला लावतात, चवड्यांवर चालायला लावतात, पायाचा अंगठा जोर लावून वर ओढायला सांगतात. पाच-दहा मिनिटांचं काम, पण नस दबली असेल तर कोणती, याचा अंदाज त्यातून येतो. ही तपासणी न करता कुणी थेट फिल्म बघून ऑपरेशन सुचवलं, तर दुसरं मत जरूर घ्या.

‘पडून राहा, आराम पडेल’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण त्याने नुकसानच होतं. १९८६च्या एका अमेरिकी अभ्यासात काहींना २ दिवस, तर काहींना ७ दिवस झोपून राहायला सांगितलं. दुखणं कमी होण्यात फरक पडला नाही. २ दिवसवाल्यांचं काम मात्र ४५ टक्के कमी दिवस बुडालं. फरशीवर किंवा फळीवर झोपण्याचीही गरज नाही. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या चाचणीत, अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जास्त आराम पडला. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन जुनाट कंबरदुखीत नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घेण्याची किंवा लाथ मारून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच सुटते, श्रेय मात्र पायाळू माणसाला मिळतं. पण हाडं ठिसूळ झालेल्या आजीच्या पाठीवर बसलेल्या लाथेने मणका मोडू शकतो. हे करू नका.

मग करायचं काय? शेक घ्यावा, सोसेल तेवढं हिंडतं-फिरतं राहावं. गोळी घ्यायचीच तर आयबुप्रोफेनच्या जातीची, थोडेच दिवस आणि डॉक्टरांना विचारूनच, कारण ती जठराला आणि मूत्रपिंडाला बाधू शकते. नव्या दुखण्यात नुसत्या पॅरासिटामॉलने लवकर बरं वाटत नाही, हे २०१४च्या मोठ्या चाचणीत दिसलं. नवं दुखणं बहुतेकांचं महिना-दीड महिन्यात पुष्कळ ओसरतं. ते परत येऊ नये म्हणून सर्वांत स्वस्त औषध म्हणजे चालणं. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्याचं लक्ष्य दिलेल्या गटात दुखणं परतायला साधारण २०८ दिवस लागले, न चालवलेल्या गटात ११२.

सायटिकाने, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळीने, हैराण झालेल्यांना ऑपरेशनने लवकर आराम मिळतो, हे खरं. पण नेदरलँड्समधल्या अभ्यासात वर्षअखेरीस ऑपरेशनवाले आणि वाट पाहणारे सारखेच बरे होते. आणि वाट पाहणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना त्या वर्षात ऑपरेशन लागलंच नाही.

मात्र काही दुखणी थांबत नाहीत. ताप, घटतं वजन, रात्रीही न थांबणारी कळ असेल, तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागलं असेल, तर तपासणी लांबवू नका. चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर महिनोन्‌महिने सकाळी आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो.

आणि लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा. तिथे एमआरआय तातडीनेच लागतो.