फ्रान्सची सहल : आधी प्रदेश निवडा, मग तिकीट काढा

फ्रान्सला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा आयफेल टॉवरची होते. मग कोणीतरी म्हणतं, इतक्या लांब जातोच आहोत तर स्वित्झर्लंड आणि इटलीही उरकून घेऊ. बघता बघता १० दिवसांत ४ देशांचा कार्यक्रम तयार होतो. अशा सहलीत फोटो भरपूर मिळतात, पण जेवण मात्र स्टेशनवरच्या सँडविचवर भागवावं लागतं. ज्या देशाच्या जेवणाच्या पद्धतीला युनेस्कोने २०१० साली सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं, तिथून असं उपाशीपोटी परतू नका. यावेळी सहल शहरांभोवती नाही, तर जेवणाभोवती आखून पाहा.

एकच प्रदेश का?

फ्रेंच जेवण असं एक काही नसतंच. ब्रिटनीमध्ये कुट्टूच्या पिठाचे पातळ पोळे आणि सफरचंदाची सायडर मिळते. जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सासमध्ये क्रीम आणि कांदा घातलेला पातळ, कुरकुरीत तार्त फ्लांबे खातात. नीस शहरात हरभऱ्याच्या पिठाचा सोका मिळतो, तो पाहून तुम्हाला बेसनाचं धिरडं आठवेल. हे सगळं एका आठवड्यात खायचं म्हटलं तर निम्मा वेळ प्रवासातच जाईल.

वाइनचंही तसंच आहे. नाशिकच्या वाइनच्या बाटलीवर सहसा द्राक्षाच्या जातीचं नाव ठळक असतं. फ्रान्समध्ये मात्र बहुतेक ठिकाणी गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असतं. आपण नुसता हापूस न म्हणता देवगडचा हापूस म्हणतो, तसंच. त्या मातीत, त्याच पद्धतीने तयार झालेल्या मालालाच ते नाव लावता येतं, असा तिथला कायदा आहे. म्हणून ते गाव पाहिलं की बाटलीवरची अक्षरं आपोआप कळू लागतात.

असा आखा आठवडा

पहिल्यांदाच जात असाल तर बरगंडी आणि लियाँ ही जोडी सोयीची आहे. सगळा प्रवास ट्रेनने होतो.

बुधवार-गुरुवार, दिजाँ : पॅरिसहून वेगवान ट्रेनने साधारण दीड तासात पोहोचता येतं. गुरुवारी सकाळी लोखंडी छताच्या जुन्या मंडईत फेरफटका मारा. इथली मोहरीची चटणी जगप्रसिद्ध आहे. मसाले घातलेला मधाचा केक मुलांना आवडेल.

शुक्रवार ते सोमवार, बोन : दिजाँहून लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत हे छोटं गाव येतं. शनिवारी सकाळी इथे मोठा बाजार भरतो. रंगीत कौलांचं ओतेल-द्यू हे १४४३ मध्ये गरीब रुग्णांसाठी स्थापन झालेलं रुग्णालय नक्की पाहा. लोकांनी शतकानुशतकं या संस्थेला द्राक्षमळे दान केले. त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे. आता तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. रविवारी सायकली भाड्याने घेऊन मळ्यांमधल्या रस्त्याने पोमार, मर्सो अशा गावांपर्यंत जाऊन या. इथल्या मळ्यांच्या लहान लहान तुकड्यांना २०१५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रेड वाइनसाठी पिनो न्वार आणि व्हाइटसाठी शार्दोने, एवढ्या दोन द्राक्षांची नावं लक्षात ठेवलीत तरी पुरे.

मंगळवार-बुधवार, लियाँ : इथल्या छोट्या पारंपरिक खानावळींना बुशाँ म्हणतात. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या अनेक स्त्रियांनी पुढे या शहरात स्वतःच्या खानावळी काढल्या. त्यांच्यापैकी यूजेनी ब्राझिए यांच्या दोन रेस्टॉरंटना १९३३ मध्ये प्रत्येकी ३ मिशलँ तारे मिळाले. लियाँच्या जेवणाची कीर्ती अशा स्त्रियांच्या हातच्या चवीवर उभी आहे.

घड्याळाकडे लक्ष द्या

सगळ्यात जास्त फजिती होते ती इथेच. दुपारी ३ वाजता भूक लागली म्हणून गावातल्या रेस्टॉरंटमध्ये गेलात, तर स्वयंपाकघर बंद झालेलं असेल. दुपारचं जेवण १२ ते २ आणि रात्रीचं ७-साडेसातनंतर, असा साधारण नियम आहे. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात. त्यामुळे शनिवारच्या बाजारातच चीज आणि फळं घेऊन ठेवा. सोमवारी सकाळी उघडी बेकरी शोधून ताजा पाव आणा आणि छान पिकनिक करा.

मोठं जेवण दुपारीच घ्या. दोन-तीन पदार्थांचा ठरलेल्या दराचा मेन्यू दुपारी मिळतो आणि तो रात्रीपेक्षा स्वस्त पडतो. ‘काराफ दो’ मागितलंत तर नळाचं पाणी फुकट मिळतं. सेवाशुल्क बिलातच असल्याने टिप देण्याची सक्ती नसते.

शाकाहारी असाल तर

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नको, असं स्पष्ट सांगा. कांद्याच्या सूपमध्ये बहुधा बीफचा रस्सा असतो आणि सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे. अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात, तेही चालतं का ते घरातल्या मोठ्यांना निघण्याआधीच विचारा. बरगंडीचे चीजचे गोळे, म्हणजे गुजेर, अंडं खाणाऱ्यांना चालतील. लियाँमध्ये ‘सेर्व्हेल द कानू’ मागवून पाहा. नावाचा अर्थ ‘रेशीम विणकराचा मेंदू’, पण असतं मात्र हिरवा मसाला घातलेलं मऊ, ताजं चीज!

वाइनची चव घेताना

छोट्या वाइनरी बहुधा घरच्याच माणसांच्या असतात. न सांगता जाऊ नका, आधी ईमेल करून वेळ घ्या. दिवसाला दोन ठिकाणं पुरेत. चव घेऊन वाइन भांड्यात थुंकणं तिथे असभ्य मानत नाहीत. गाडी चालवणाऱ्याने चवही घेऊ नये हे उत्तम, कारण रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा प्रति लिटर ०.५ ग्रॅम आहे. १८ वर्षांखालील मुलांना आणि न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस मिळेल का, ते ईमेलमध्येच विचारून ठेवा. मळा आणि तळघर बघण्याची मजा तर सगळ्यांनाच घेता येते.

निघण्यापूर्वी

• मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी पाहायला मिळू शकते. ऑगस्टमध्ये अनेक रेस्टॉरंट सुट्टीवर असतात.
• शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.
• वेगवान ट्रेनची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात.
• वाइनच्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा.

आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाला विचारा, की तिथे जाऊन काय खायला आवडेल? त्या उत्तरांतूनच तुमचा प्रदेश ठरेल. आयफेल टॉवर जाता-येता एका संध्याकाळी पाहून होईलच.