कऱ्हाडचा ऱ्ह आणि सांगलीचा ल

देवनागरी अक्षरवळणांची चर्चा मराठीत बहुधा मुंबई-पुण्यापासून सुरू होते. वास्तविक ती कृष्णाकाठापासून सुरू व्हावयास हवी. मिरजेचे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे खोदून भगवद्‌गीता छापली गेली, आणि त्याच वर्षी बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या ओतीव अक्षरांनी, छापून निघाले. पत्र्यावर खोदणाऱ्याला प्रत्येक अक्षर शेजाऱ्याच्या बेताने वळवता येते. खिळा मात्र कोणाच्याही शेजारी तसाच बसतो. अक्षर निवडताना आजही नेमकी हीच अडचण असते.

पुढील इतिहास, म्हणजे मुंबईतील छापखानदार गणपत कृष्णाजी, जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना, राणोजी आरू यांची अक्षरांचे ठसे घडवण्याची कारागिरी, सर्वश्रुत असल्याने तो उगाळण्याचे कारण नाही. औंधकडे मात्र अभ्यासकांनी केलेले दुर्लक्ष अक्षम्य आहे. वेदांचे अभ्यासक श्री. दा. सातवळेकर हे स्वतः चित्रकार. त्यांच्या स्वाध्याय मंडळाने सातारा जिल्ह्यातील या संस्थानी गावातून वेदसंहिता स्वरचिन्हांसह प्रसिद्ध केल्या. अनुदात्त या स्वराची आडवी रेघ अक्षराखाली आणि स्वरित या स्वराची उभी रेघ अक्षराच्या डोक्यावर येते, त्यामुळे खाली उकाराशी आणि वर वेलांटी-रफाराशी त्यांची गाठ पडते. अशा मजकुरासाठी अक्षर किती देखणे आहे हे नंतर पाहावयाचे; त्याच्या वर-खाली जागा किती उरते, हे आधी. किर्लोस्करवाडीच्या ‘किर्लोस्कर’ (१९२०), ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) या मासिकांच्या सजावटीवर मात्र उदंड लिहून झाले आहे.

आज काही सुविद्य मंडळी फॉन्टला ‘स्वभाव’ असतो, तो विषयाशी जुळला की काम झाले, असे प्रतिपादन करतात. स्वभाव असतो हे खरे. परंतु जोडाक्षर मोडणाऱ्या फॉन्टचा स्वभाव घेऊन करावयाचे काय? त्यापेक्षा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील तीन गावांची आणि एका नदीची नावे जुळवून पाहणे अधिक उपयोगाचे. ‘कऱ्हाड’मध्ये अर्धा र आडव्या चंद्रकोरीसारखा ह च्या आधी यावयास हवा, कच्च्या फॉन्टात त्याचा रफार होऊन तो ह च्या डोक्यावर चढतो आणि गावाचा उच्चारच बदलतो. ‘शिराळा’ या नावात श, वेलांटी आणि ळ एकत्र परीक्षेला बसतात, तर ‘कृष्णा’त ष्ण ची जोडणी उघडी पडते. ‘सांगली’ मात्र सर्वांत फसवी, कारण तेथे काहीही मोडत नाही, फक्त ल हिंदी वळणाचा, उजवीकडे उभा दंड असलेला येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी रूपे प्रमाण ठरवली. चांगल्या युनिकोड फॉन्टात दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली, आणि सॉफ्टवेअरने ती मानली, की योग्य रूप आपोआप येते. एवढी एक निवड करण्याचा कंटाळा लग्नपत्रिकांपासून फ्लेक्सपर्यंत सर्वत्र दिसतो. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या खणात जे रूप असे तेच छापले जाई. आता दोन्ही हाताशी असून परके उचलले जाते, याला प्रगती म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

सांगलीच्या बाजारात हळदीच्या पोत्यावर नाव उठवण्यासाठी पत्रा कोरून केलेला छापा मात्र अशी बेपर्वाई खपवून घेत नाही. ‘हळद’मधील ळ ची दोन्ही पोटे पूर्ण कापली, तर आतले तुकडे गळून पडतात आणि पोत्यावर दोन काळे ठिपके उमटतात, म्हणून कोरणारा प्रत्येक पोटाला पत्र्याची एक बारीक पट्टी सोडतो, शिरोरेषाही मध्ये तोडतो, आणि मगच रंगाचा बोळा फिरवतो.