चेंडू सुटण्याआधीच झेप

पेनल्टीच्या वेळी गोलरक्षक अनेकदा फटका बसण्याच्या क्षणीच झेपावतो. ताशी 100 किलोमीटर वेगाचा चेंडू 11 मीटर अंतर साधारण 0.4 सेकंदात कापतो. डोळ्यांनी टिपलेले स्नायूंपर्यंत पोहोचण्यातच 0.2 सेकंद जातात. उरलेल्या वेळात 7.32 मीटर रुंद गोलचा कोपरा गाठणे जवळपास अशक्य. म्हणून खरा सराव नजरेचा: चेंडूशेजारी टेकलेला पाय कुठे वळला, कंबर कशी फिरली. फाटकाच्या आवाजावरून घरी कोण आले ते कळावे, तसे हजारो फटक्यांनंतर मेंदूला खुणा कळू लागतात. नजर चपळ व्हावी म्हणून पाठमोरे उभे राहून हाकेसरशी वळायचे आणि भिंतीवरून उसळलेला चेंडू झेलायचा, हा सराव भिंत असलेल्या कुठल्याही मैदानावर जमतो.

एकाग्रता त्याहून अवघड. चेंडू दूर असतानाही गोलरक्षक जागा बदलत, बचावपटूंना हाका देत राहतो. असा हाका देणारा संघाचे नेतृत्वही करू शकतो: भारताचे माजी कर्णधार, 2022 मध्ये पद्मश्री मिळालेले गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर गोलरक्षकच होते.