कोड लिहिणाऱ्या मुलींना हवी एक अक्का

दहावी-बारावीचे निकाल लागले की बेळगाव-निपाणी भागातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते : आता पुढे काय? पूर्वी मुलींसाठी या प्रश्नाची उत्तरे जवळजवळ ठरलेली असायची. डी.एड., बी.कॉम., फार तर फार्मसी. आता तसे राहिलेले नाही. 'कॉम्प्युटर सायन्स मिळतंय काय बघा,' असे आता आईच म्हणते. हा बदल मोठा आहे आणि आनंदाचाही आहे.

मी स्वतः बेळगावात बीई केले आणि गेली बारा-तेरा वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. या काळात आपल्या भागातल्या बऱ्याच मुलींशी बोलणे झाले. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. आपल्या मुली हुशारीत कमी पडत नाहीत आणि शिकवणाऱ्या कॉलेजांचीही वानवा नाही. गोगटे कॉलेज १९७९ पासून उद्यमबागेत उभे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे तर मुख्यालयच बेळगावात आहे. मुली अडतात त्या वेगळ्याच ठिकाणी. या वाटेने आधी जाऊन आलेली, ओळखीची, फोन केला तर उचलणारी अशी एखादी अक्का त्यांच्याजवळ नसते.

दोन राज्यांची कागदपत्रे

सीमाभागात राहण्याचा त्रास आपण सगळेच जाणतो, पण मुलीच्या शिक्षणाच्या वेळी तो जास्त जाणवतो. कर्नाटकातल्या प्रवेशासाठी केसीईटी द्यायची. महाराष्ट्रात शिकायचे तर तिकडची सीईटी द्यायची. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत 'टाइप ई' नावाचा एक प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना त्यातून अर्ज करता येतो. ही सोय आपल्याच मुलांसाठी आहे, तरी कित्येक घरांत ती अर्जाची मुदत संपल्यावर कळते.

प्रवासाचेच बघा. जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळे कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट जाता येते. म्हणजे निपाणीची मुलगी पाऊणशे किलोमीटरवरच्या बेळगावला बिनतिकीट जाते, पण चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जायचे तर ती सवलत आंतरराज्य बसला लागू होत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरते. रोज जाऊन-येऊन शिकायचे की हॉस्टेलवर राहायचे, याचा हिशेब कोगनोळी नाक्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे वेगळा होतो.

आणखी एक माहिती. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. पदवी किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, अथवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलीला त्यातून वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे लागते आणि एका घरातल्या दोन मुलींना ती घेता येते. ही माहिती सरकारी संकेतस्थळावर आहेच. पण आमच्याकडे कागद वाचण्यापेक्षा 'तिला मिळाली, तुला पण मिळेल' या वाक्यावर लोकांचा जास्त विश्वास बसतो. ते वाक्य म्हणणारी व्यक्ती लागते.

एकटीने लढायचे किती?

सुधा मूर्ती यांची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. हुबळीच्या बी.व्ही.बी. कॉलेजात त्या इंजिनिअरिंगला गेल्या तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. ते कॉलेज आपल्या बेळगावच्या केएलई संस्थेचे. पुढे १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत 'महिलांनी अर्ज करू नये' असे वाचून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि नोकरी मिळवली.

ही गोष्ट आपण मुलींना कौतुकाने सांगतो आणि सांगावीच. पण तिची दुसरी बाजूही बघायला हवी. प्रत्येक मुलीने सुधा मूर्तींइतके धीट असावे, अशी अट घालून चालत नाही. मुलांना ही अट नसते. बेताची हुशार, थोडी लाजरी, घरच्यांना न दुखावता पुढे जाऊ पाहणारी मुलगीसुद्धा चांगली इंजिनिअर होऊ शकते. तिला टाटांना पत्र लिहावे लागू नये, एवढी व्यवस्था आपण करू शकतो.

रविवारची अर्धा तास शिकवणी

चार वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या मुलीचा फोन आला. तिची मावशी आणि माझी आई एकाच भिशीत. मुलगी सहाव्या सेमिस्टरला होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गुण उत्तम. पण मुलाखतीचा सराव घेतला की पहिल्याच इंग्रजी वाक्याला अडकायची. उत्तर माहीत असायचे, सुरुवात सुचायची नाही.

आम्ही रविवारी अर्धा तास ठरवला. नियम एकच : आधी मराठीत समजावून सांगायचे, मग तेच पाच इंग्रजी वाक्यांत. एकदा मी विचारले, अ‍ॅरे आणि लिंक्ड लिस्ट यांत फरक काय? ती म्हणाली, ''अक्का, अ‍ॅरे म्हणजे थिएटरातल्या नंबराच्या खुर्च्या, बारावी पाहिजे तर थेट बारावीवर जायचं. आणि लिंक्ड लिस्ट म्हणजे हळदीकुंकवाला फिरल्यासारखं. प्रत्येक घरात फक्त पुढच्या घराचा पत्ता मिळतो.'' हे इतके अचूक उत्तर होते की मी आमच्या ऑफिसातही ते वापरले. जिला हे सुचते तिला विषय कळलेला असतो. तिला फक्त बोलण्याचा सराव हवा असतो, आणि चुकली तर न हसणारे कुणीतरी समोर हवे असते.

आठ महिन्यांनी तिला पुण्यात नोकरी लागली. खरी परीक्षा त्यानंतर झाली, कारण तिच्या आईचा फोन आला. ''बाई, रात्रपाळी असती काय? गाडी घरापर्यंत सोडती काय? राहायला कुठं बरं पडंल? गौरीला यायला मिळंल न्हवं?'' या प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या नेमणूकपत्रात नसतात. मी तासभर बोलले. कोणत्या भागात मुलींची चांगली हॉस्टेल आहेत, पहिला पगार हातात येईपर्यंत किती पैसे जवळ असावेत, निपाणीला यायला किती वेळ लागतो, सगळे सांगितले. मुलगी पुण्याला आली. आज ती दुसऱ्या कंपनीत आहे आणि तिच्या कॉलेजच्या दोन मुलींचा रविवार आता ती घेते.

याच्या उलटही पाहिले आहे. दुसऱ्या एका मुलीला बंगळूरची ऑफर आली. होकार कळवायला तीन दिवस होते. वडील वाईट नव्हते, फक्त घाबरलेले होते. त्यांच्या ओळखीत त्या शहरात नोकरी करणारी एकही बाई नव्हती. तीन दिवस असेच गेले आणि ऑफरही गेली. ती मुलगी आता गावातच शिकवण्या घेते. शिकवणी घेणे कमी दर्जाचे नाही, पण तो तिने निवडलेला रस्ता नव्हता.

बाहेर काय चालले आहे

जगात या कामाचे बरेच नमुने आहेत. २०१४ मध्ये बर्लिनला दोन पोलिश तरुणींनी 'जँगो गर्ल्स' नावाची एक दिवसाची मोफत कार्यशाळा घेतली. पद्धत साधी. दोन-तीन मुलींमागे एक शिकवणारी व्यक्ती, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकीची स्वतःची छोटी वेबसाइट तयार. त्यांचा संपूर्ण अभ्यासक्रम मोफत उपलब्ध आहे. कोणीही, कोणत्याही गावात, तो वापरून अशी कार्यशाळा घेऊ शकते. एक हॉल, बरे इंटरनेट आणि दहा लॅपटॉप एवढेच लागते.

आपल्या देशात गुगलच्या पाठबळावर टॅलेंटस्प्रिंट ही संस्था २०१९ पासून इंजिनिअरिंगच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलींसाठी 'विमेन इंजिनिअर्स' हा कार्यक्रम चालवते. 'नवगुरुकुल' ही संस्था गरीब घरांतल्या मुलींना मोफत निवासी प्रशिक्षण देऊन सॉफ्टवेअरच्या नोकरीपर्यंत नेते. आपल्या भागातल्या मुलींनी अशा ठिकाणी जरूर अर्ज करावेत.

मात्र एक धडाही लक्षात ठेवायला हवा. 'विमेन हू कोड' ही २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली संस्था शंभराहून अधिक देशांत पोचली होती. एप्रिल २०२४ मध्ये निधीअभावी ती बंद झाली. मोठी संस्था देणग्यांवर उभी असेल तर देणगी थांबल्यावर तीही थांबते. मावशीच्या भिशीतून आलेला फोन मात्र कुठल्या अंदाजपत्रकावर अवलंबून नसतो. म्हणून मोठ्या संस्थांचा फायदा घ्यावा, पण भरवसा आपल्या जवळच्या माणसांवर ठेवावा.

निपाणीला हे नवे नाही

माझी आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. पहिल्या दिवशी तिला शेजारच्या बाईने नेले. तोंडाला फडके कसे बांधायचे, कोणत्या मुकादमापासून लांब राहायचे, पगाराच्या दिवशी हिशेब कसा मोजून घ्यायचा, हे सगळे त्या बाईने शिकवले. आजच्या भाषेत त्याला 'मेंटॉरिंग' म्हणतात. आजीला तो शब्द ठाऊक नव्हता.

पुढे १९८० च्या सुमारास निपाणीतल्या याच तंबाखू कामगार बायका एकत्र आल्या आणि त्यांनी संघटना बांधली. 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. आपली संघटना कशी उभी राहिली, हे त्यात त्या बायकांनी स्वतःच मांडले आहे. फारसे अक्षरज्ञान नसलेल्या बायका हे करू शकल्या, तर आपल्या बीई, एमसीए झालेल्या मुली आणि सुना नक्की करू शकतील.

लग्नानंतरची पाच वर्षे

आणखी एक टप्पा असा आहे जिथे मुली गळतात. लग्न, बदली, बाळंतपण. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. कायदा मदतीला आहे. तरी एकदा नोकरी सुटली की 'आता मला जमेल का?' हा प्रश्न मनात घर करतो. या क्षेत्रात दोन वर्षांत साधने बदलतात, त्यामुळे भीती खोटीही नसते.

इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवला. मुलांमुळे घरी बसलेल्या प्रोग्रामर बायकांना त्यांनी घरूनच काम दिले. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत पुरुष फक्त तीन होते. व्यवसायाच्या पत्रांना उत्तर मिळावे म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करत. आज घरून काम करणे नवलाचे राहिलेले नाही. बेळगावात बसून पुण्याचे काम करणाऱ्या मुली माझ्या ओळखीत आहेत. ब्रेकनंतर परतणाऱ्या बाईला अभ्यासाची यादी, सरावासाठी एखादे छोटे काम आणि शिफारस करणारी एक मैत्रीण मिळाली तर ती परत उभी राहते.

आपण काय करू शकतो

आपल्या मंडळाच्या सभासदांत सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या किती तरी मुली, सुना, भाच्या आहेत. पुण्यात, बंगळूरला, काही परदेशातही. त्यांच्यासाठी माझे म्हणणे एवढेच आहे.

पहिले, प्रत्येकीने एकच मुलगी घ्यावी. आठवड्याला अर्धा तास, किमान सहा महिने. दहा जणींना थोडे थोडे सांगण्यापेक्षा एकीला शेवटपर्यंत नेणे जास्त उपयोगाचे.

दुसरे, मुलीबरोबर तिच्या आई-वडिलांशीही एकदा बोलावे. निम्म्या अडचणी त्या एका फोनने सुटतात.

तिसरे, आपल्या क्षेत्रातल्या पुरुषांनीही यात यावे. सराव मुलाखत घेणे, अर्ज तपासणे, कंपनीत शिफारस करणे ही कामे कोणीही करू शकते.

चौथे, ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नाही त्यांनी ओळख करून द्यावी. 'आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, तिच्याशी बोलशील का?' एवढे विचारणेही मोठी मदत आहे.

शेवटच्या वर्षाच्या मुली साधारण ऑगस्टपासून मुलाखतींना बसू लागतात. मंडळाने जूनअखेरपर्यंत दोन याद्या केल्या, एक शिकवायला तयार असलेल्यांची आणि एक शिकणाऱ्या मुलींची, तर यंदाच्या मुलींनाही त्याचा उपयोग होईल. पहिल्या यादीत माझे नाव लिहून घ्यावे.