छोट्या गाडीतून ऑटोक्रॉस : सुरुवात आणि त्यामागचे यांत्रिकी

हे टिपण अभ्यासक्रमात नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा रात्री अकराच्या सुमारास वडिलांची हॅचबॅक घेऊन बायपासवर गेला. उड्डाणपुलाखालच्या वळणावर गाडी किती वेगात वळते ते त्याला मित्रांना दाखवायचे होते. गाडी दुभाजकावर चढली. त्याला स्वतःला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण मागच्या सीटवरच्या मित्राचा पाय दोन ठिकाणी मोडला आणि त्याचे एक वर्ष गेले. नंतर तो मुलगा मला भेटायला आला आणि म्हणाला, “सर, वळण किती वेगात घेता येईल याचे सूत्र मला पाठ होते.” सूत्र बरोबरच होते. त्यात घालायचा घर्षणांक त्याला ठाऊक नव्हता, आणि तो शोधण्याची जागा सार्वजनिक रस्ता ही नव्हती. ती जागा कोणती, हे सांगण्यासाठी हे टिपण.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या जागेत आखलेल्या तात्पुरत्या मार्गावरून एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध चालवणे. शेजारी दुसरी गाडी नसते आणि वळणे इतकी जवळ असतात की बहुतेक मार्ग दुसऱ्या गिअरमध्येच संपतो. एक फेरी साधारण मिनिटभराची असते. शब्द मात्र फसवा आहे. अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हटले की डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून आखलेला मार्ग. ब्रिटनमध्ये तोच शब्द गवताच्या किंवा मातीच्या मैदानावरील शर्यतीला वापरतात. भारतात ब्रिटिश वळण टिकले, त्यामुळे आपल्याकडच्या स्पर्धा बऱ्याचदा मातीवर होतात, काही ठिकाणी डांबरावरही होतात. नाव नोंदवण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारावा, कारण टायर, हवेचा दाब आणि गाडी चालवण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी त्यावर ठरतात. (मार्गावरच्या त्या नारिंगी वस्तूला सगळे ‘कोन’ म्हणतात. वर्गात कोन म्हटले की विद्यार्थी अंश मोजू लागतात, म्हणून मी शंकूच म्हणतो.)

आपल्यापैकी काहींची या प्रकाराशी ओळख आधीच झाली असेल. फॉर्म्युला स्टुडंट धर्तीच्या स्पर्धांमध्ये, उदाहरणार्थ कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जिचे अनेक हंगाम झाले त्या फॉर्म्युला भारतमध्ये, ऑटोक्रॉस ही एक स्वतंत्र गुणांची चाचणी असते. तिथे गाडी मुलांनी बनवलेली असते. आपण बोलणार आहोत ते घरच्या गाडीबद्दल.

गाडी कोणती? जी आहे ती. नऊशे किलोच्या आसपासची, पुढची चाके फिरवणारी पेट्रोल हॅचबॅक या खेळाला उत्तम. अश्वशक्ती वाढवण्यासाठी एक रुपयाही खर्च करू नका. उंच गाडी मात्र टाळा. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले, तर गाडी उलटण्यापूर्वी किती पार्श्वत्वरण सोसेल याचा ढोबळ आकडा ‘जी’च्या पटीत मिळतो. हॅचबॅकसाठी १.४५ ÷ (२ × ०.५२) म्हणजे सुमारे १.४. टायरची पकड ०.८ च्या आसपास संपते, म्हणून अशी गाडी सपाट जमिनीवर आधी घसरते. अरुंद, उंच गाडीत हाच आकडा १ च्या जवळ येतो. मातीत चाकोरी पडलेली असेल आणि चाक आडवे तिच्यात अडकले, तर मधली फट फारशी उरत नाही.

वळणात काय घडते ते आकड्यांत पाहू. सपाट जमिनीवर वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्वत्वरण × त्रिज्या. त्रिज्या १५ मीटर आणि कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला, तर वेग येतो १०.८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३९ किलोमीटर. त्याच वळणावर सैल माती असेल आणि घर्षणांक ०.५ असेल, तर ताशी ३१. आता ९०० किलोच्या गाडीचे वजन कसे सरकते ते बघा. वस्तुमान × पार्श्वत्वरण × गुरुत्वमध्याची उंची ÷ चाकांमधले अंतर, म्हणजे ९०० × ७.८५ × ०.५२ ÷ १.४५, सुमारे २,५३० न्यूटन. उभ्या गाडीत प्रत्येक बाजूवर सुमारे ४,४१५ न्यूटन भार असतो. वळणात बाहेरच्या बाजूवर ६,९४५ येतो आणि आतल्या बाजूवर १,८८५ उरतो. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून वजन जितके सरकेल तितकी एकूण पकड घटते. छतावरचा कॅरिअर काढणे, डिकी रिकामी करणे, स्टिअरिंगला हिसका न देणे या सगळ्या सूचना या एका वाक्यातून निघतात.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नवखा माणूस एक ठरलेली चूक करतो. वळणात वेग जास्त झाला की गाडी नाक बाहेर काढते. मग तो स्टिअरिंग आणखी वळवतो आणि जोडीला ॲक्सिलरेटरही दाबतो. पुढचे टायर आधीच पकडीच्या टोकाला असतात. वळणे आणि ओढणे ही दोन्ही कामे एकाच शिल्लक रकमेतून भागवायची असतात आणि खात्यात काही उरलेले नसते. उपाय चमत्कारिक वाटतो: स्टिअरिंग थोडे सोडा, ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचला, वजन पुढे येऊ द्या, की नाक आत येते. पण पाय एकदम झटकून उचलला तर मागची बाजू हलकी होऊन गाडी गिरकी घेते. मैदानात गिरकीची किंमत दोन-तीन शंकू आणि थोडी लाज. बायपासवर ती किंमत काय असते ते वर सांगितले आहे.

आता शंकूंच्या ओळीतून नागमोडी जाण्याचे गणित. यात मला सर्वांत जास्त रस आहे, कारण इथे छोटी गाडी मोठीला हरवते. मार्ग साइन वक्रासारखा धरा. शंकूंमधले अंतर १५ मीटर. १.७ मीटर रुंद गाडी शंकूपासून ३० सेंटिमीटर ठेवून गेली, तर गाडीच्या मध्याला प्रत्येक बाजूस सुमारे १.३ मीटर सरकावे लागते. घाबरून एक मीटर जागा सोडली तर २ मीटर. वक्रतेचे सूत्र लावले की पहिल्या स्थितीत कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर येतो, दुसऱ्या स्थितीत ३४. प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमी येतात, कारण गाडीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जायला वेळ लागतो. साठ मीटरच्या ओळीत हा फरक सव्वा सेकंदाच्या घरात जातो. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या नियमांत शंकू पाडला की दोन सेकंद वाढतात. आपल्याकडे दंड त्या त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात दिलेला असतो, तो वाचा. म्हणजे शंकूला चिकटून जाणे फायद्याचे, पण एक जरी पडला तरी सगळी कमाई गेली आणि वर तोटा. एक युक्ती लक्षात ठेवा. शंकू शेजारी आल्यावर वळू नका. शंकू येईपर्यंत गाडी पुढच्या बाजूला वळू लागलेली असली पाहिजे. उशीर एकदा झाला की तो प्रत्येक शंकूगणिक वाढत जातो.

एका शंकूभोवतीचे यू वळण हा दुसरा गमतीचा भाग. टीव्हीवर सर्किटच्या शर्यती पाहून आपण शिकलेलो असतो की त्रिज्या मोठी ठेवा, वेग राखा. इथे ते तपासून पाहू. घर्षणांक ०.८. त्रिज्या ६ मीटर असेल तर वेग ६.८६ मीटर प्रति सेकंद आणि अर्धवर्तुळाला २.७५ सेकंद. त्रिज्या ९ मीटर असेल तर वेग ८.४०, वेळ ३.३७ सेकंद. मोठ्या वळणात ०.६२ सेकंदाचा तोटा. पुढच्या ४० मीटर सरळ रस्त्यावर २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण धरले, तर जास्त वेगाने बाहेर पडलेली गाडी ०.३२ सेकंद वाचवते. ५४ किलोमीटर वेगावरून ब्रेक उशिरा लावता येतो, त्यातून आणखी ०.११. एकूण बचत ०.४३, तोटा ०.६२. म्हणजे शंकूला चिकटून, हळू, लहान वळण घेणारा सुमारे ०.२ सेकंदाने पुढे. स्विफ्टसारख्या गाडीची किमान वळणत्रिज्या ४.८ मीटर आहे, त्यामुळे सहा मीटर तिला सहज जमतात. पण हे फक्त यू वळणाला लागू. रुंद मार्गिकेतल्या काटकोनी वळणात बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर हाच मार्ग चांगला.

पहिल्या दिवशी वेळेची फार अपेक्षा ठेवू नका. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होतो. वर दिलेली सगळी सूत्रे मी फळ्यावर अनेकदा लिहिली होती. तरी पहिल्या फेरीत मार्ग चुकलो, दुसरीत चार शंकू पाडले आणि जुन्या झेनमधून आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीपेक्षा सात सेकंद मागे राहिलो. तिने सकाळी मार्ग पायी तीनदा फिरून पाहिला होता. मी चहा पीत होतो. मार्ग पायी फिरणे हा या खेळातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सराव आहे. ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून पाहा, कारण उभ्याने स्पष्ट दिसणारी शंकूंची भिंत गाडीत बसल्यावर नुसते नारिंगी रान दिसते.

त्याआधी मला तपासणीतूनच परत पाठवले होते. बॅटरी क्लॅम्पऐवजी तारेने बांधलेली होती. एका गॅरेजने सर्व्हिसिंगनंतर तसेच ठेवले होते आणि मी बॉनेट उघडून पाहण्याची तसदी घेतली नव्हती. वळणात सुटलेली बॅटरी म्हणजे ठिणगी. तेव्हा आदल्या दिवशी स्वतः पाहा: बॅटरी, चाकांचे नट, ब्रेक ऑइलची पातळी आणि त्याचे वय, ब्रेक पॅड, ॲक्सिलरेटर दाबून सोडल्यावर परत येतो का, सीटबेल्ट. जॅक, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या, पायाखालची सैल मॅट हे सगळे बाहेर. स्टेपनी बोल्टने घट्ट असेल तरी काढाच; वजनही कमी होते.

टायरच्या दाबाबद्दल. दारावरच्या पट्टीवर दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. डांबरावर पुढच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त ठेवले तर कडा कमी दुमडते. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ ओढा आणि फेरीनंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते पाहा. बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली असेल तर हवा वाढवा, नक्षीवर शिल्लक राहिली असेल तर कमी करा. मातीवर या खडूचा उपयोग नाही.

कायद्याचा आणि पैशाचा भाग थोडक्यात, पण तो टाळू नका. देशातील मोटर स्पोर्टची राष्ट्रीय संस्था म्हणजे १९७१ मध्ये स्थापन झालेला फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजेच एफएमएससीआय. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायला स्पर्धा परवाना लागतो. हेल्मेट आणि कपडे कोणत्या दर्जाचे हे नियमपत्रकात असते. सार्वजनिक जागी शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितले. म्हणून रस्त्यावर चालणारी गाडी मूळ स्वरूपातच ठेवा.

आणि विमा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असे कलम असते. त्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी स्पष्टपणे वगळलेली असते. मैदानात गाडी आपटली तर खर्च पूर्णपणे घरचा. गाडी वडिलांची असेल तर ते कलम त्यांना आधी वाचून दाखवा आणि मग किल्ली मागा. काही वडील नाही म्हणतील. अशा वेळी शंकू उचलायला स्वयंसेवक म्हणून जा. वळणाच्या बाजूला, नेमून दिलेल्या सुरक्षित जागी दिवसभर उभे राहून चाळीस गाड्या पाहिल्या की कोण कुठे वेळ घालवतो ते कळू लागते, आणि ओळख झाली की एखादा अनुभवी चालक शेजारी बसवून फेरी मारतो.

स्वाध्याय : वरच्या यू वळणाच्या उदाहरणात त्वरण २.५ ऐवजी १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग घ्या आणि पुढचा सरळ रस्ता ४० ऐवजी १०० मीटर. दोन्ही त्रिज्यांसाठी एकूण वेळ काढा. निकाल उलटा येतो. का ते तीन-चार वाक्यांत लिहा. मग तेच गणित घर्षणांक ०.५ धरून पुन्हा करा. ब्रेक लावताना मिळणारे मंदनही आता कमी होईल, ते विसरू नका.