डोंगल कुणाच्या खिशात?

संगणकावरची सही : भाग ४

डिजिटल सहीला कायद्याने मान्यता कशी मिळाली, ते मागच्या भागात पाहिले. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा, मग २००८ ची दुरुस्ती, वगैरे. आज ती सही प्रत्यक्षात होते कशी आणि तपासायची कशी, ते पाहू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. साहेबांची सही स्कॅन करून वर्डच्या फाइलीत चिकटवली, तर ते नुसते चित्र झाले. एका पत्रावरून उचलून कुणीही ते दुसऱ्या पत्रावर डकवू शकतो. डिजिटल सही त्या फाइलीतल्या मजकुराशीच बांधलेली असते. सॉफ्टवेअर अख्ख्या फाइलीचा गणिती ठसा काढते आणि अधिकाऱ्याच्या डोंगलमधली, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या यूएसबी उपकरणातली, खासगी किल्ली त्या ठशावर काम करते. ती किल्ली डोंगलमधल्या चिपच्या बाहेर पडतच नाही. सातबाऱ्यावरचे ०.४० हेक्टर कुणी मागाहून ०.४६ केले, तर नवा ठसा जुन्याशी जुळत नाही आणि सही अवैध दाखवली जाते.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तो संगणकावर उघडला की सहीपाशी पुष्कळदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि लोक घाबरतात. उतारा खोटा आहे, असा त्याचा अर्थ नाही. सही करणाऱ्यावर विश्वास कुणाच्या भरवशावर ठेवायचा, हे तुमच्या संगणकाला अजून कुणी सांगितलेले नाही, एवढेच. ॲक्रोबॅट रीडरमध्ये सहीवर क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’ आणि तिथून ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’ उघडा. डावीकडच्या उतरंडीत तळाशी अधिकारी, त्याच्या वर प्रमाणपत्र देणारी परवानाधारक संस्था आणि सगळ्यांत वर ‘सीसीए इंडिया’, म्हणजे केंद्र सरकारचे नियंत्रक, दिसायला हवेत. पण त्या नावाचीही नक्कल करता येते. म्हणून नियंत्रकांच्या संकेतस्थळावरून मूळ प्रमाणपत्र उतरवून घ्या आणि तेच विश्वासार्ह म्हणून नोंदवा. मग प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते.

ही सगळी तपासणी फाइलीची. छापील प्रतीवर हिरवी खूण उमटली असली तरी ती शाईच. तिथे उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकूनच खात्री करायची.

गणित पक्के आहे. घोळ माणसांच्या हातात होतो. डोंगल ऑपरेटरच्या खणात आणि पिन त्यालाच चिकटवलेल्या चिठ्ठीवर, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने सरकारी कचेरी पाहिलेली नाही. कायद्याचे कलम ४२ सांगते की किल्ली ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याच्या नावे प्रमाणपत्र आहे त्यानेच घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर विनाविलंब कळवायचे. दुसऱ्याची सही लबाडीने वापरली तर कलम ६६क मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तरीही माझ्या मते दोष एकट्या अधिकाऱ्याचा नाही. जून महिन्यात उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्यांचा ढीग पडतो, आणि दिवसभर बैठकांत असलेला अधिकारी डोंगल ऑपरेटरच्या हवाली करून मोकळा होतो. सह्या करायला माणूस वाढवायचा नाही आणि डोंगल मात्र खिशात ठेवा म्हणायचे, हे जमणारे नाही. आधारच्या ओटीपीने होणारी ई-साइन २०१५ पासून उपलब्ध आहे, तिला डोंगल लागत नाही. पण ओटीपीही शिपायाला फोनवर सांगितला तर पुन्हा तेच.

बदली झालेल्यांना एक विनंती. चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या जरूर द्या, डोंगल देऊ नका. त्या पदासाठी घेतलेले प्रमाणपत्र रद्द करून घ्या आणि तशी पोच फाइलीला लावा.

पुढच्या भागात मृत्युपत्राविषयी. त्यावर आजही कागदावरचीच सही लागते.